नेकच्या आतली सळई: मोडलेला ट्रस रॉड आणि त्याचा इतिहास

आजचा भाग एका आवाजापासून सुरू होतो, पण तो आवाज मी तुम्हाला ऐकवू शकत नाही. तो आला तेव्हा मी रेकॉर्डिंग करत नव्हतो, घाम पुसत होतो.

टक्.

बस, एवढाच. वाळकी काडी मोडावी तसा. एप्रिलची रात्र, पुण्यातली आमची दुसऱ्या मजल्यावरची खोली, पलंगावर बेस गिटारची बॉडी, तिच्यापासून सुटा केलेला नेक माझ्या मांडीवर आणि हातात स्क्रू-ड्रायव्हर. इतका वेळ फिरायला तयार नसलेला नट एकदम हलका झाला. बोटाने फिरेल इतका हलका. मी तो बाहेर काढून उजेडात धरला, तर त्याच्या आत सळईचा एक छोटा तुकडा अडकून बसलेला. नुकत्याच मोडलेल्या लोखंडाला असते तशी करडी चमक होती त्याला.

आता यातली खरी अडचण सांगतो. हा बेस माझा नाही, माझ्या मामाचा आहे. मामा ऐंशीच्या दशकात ऑर्केस्ट्रात वाजवायचा. गणपती, लग्नं, नाट्यगृहातले तिकीट लावून केलेले कार्यक्रम, सगळं. जहाजावर नोकरी करणाऱ्या एका मित्राकडून त्याने हा बेस घेतला होता. जपानी बनावटीचा, फेंडरच्या प्रिसिजन बेसची हुबेहूब नक्कल. हेडस्टॉकवरचं नाव केव्हाच उडालंय, त्यामुळे कंपनी कुठली ते विचारू नका. पण नेकच्या पाठीवर, जिथे डाव्या हाताचा अंगठा टेकतो तिथे, पॉलिश झिजून लाकूड उघडं पडलंय. ते मामाच्या अंगठ्याने झिजवलंय, वीस वर्षं लावून. आणि मी तो नेक एका रात्रीत निकामी केला होता.

तर आज आपण या सळईबद्दल बोलणार आहोत. तिचं नाव ट्रस रॉड. तुमच्या बेसमध्ये आहे, गिटारमध्येही आहे, आणि बहुतेकांनी ती कधी पाहिलेली नाही.

आधी तिचं काम काय ते समजून घेऊ. चार तारांचा साधा बेस घ्या. तारेची वाजणारी लांबी ३४ इंच, म्हणजे साधारण ८६ सेंटिमीटर. चारही तारा सुरात लावल्या की त्यांची एकूण ओढ ७० ते ८० किलोच्या आसपास जाते. म्हणजे एक मोठा माणूस नेकच्या टोकाला लोंबकळतोय असं धरा, फक्त तो रात्रंदिवस लोंबकळतोय, तुम्ही झोपलात तरी. लाकूड हळूहळू तारांच्या बाजूला वाकायला लागतं, धनुष्यासारखं. थोडा बाक हवाच असतो, त्याला रिलीफ म्हणतात. पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरलीत, तर मधे सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली जेमतेम ०.३ मिलिमीटर फट दिसायला हवी. जाडसर व्हिजिटिंग कार्डाएवढी. त्याहून बाक वाढला की तारा उंच होतात, बोटं दुखतात, वरच्या फ्रेटांवर सूरही फसतो. अजिबात बाक नसला तर तारा फ्रेटांवर आपटून खडखडतात.

हा बाक काबूत ठेवण्यासाठी नेकच्या पोटात पोलादी सळई असते. जुन्या पद्धतीत ती वळणदार खोबणीत बसवलेली असते, मधल्या भागात खोल आणि दोन्ही टोकांना वर. एक टोक लाकडात पक्कं, दुसऱ्या टोकाला आटे आणि त्यावर नट. नट आवळला की सळई ताणली जाते आणि सरळ व्हायला बघते. ती सरळ होताना लाकडाला तारांच्या उलट दिशेने ढकलते. तारा पुढे ओढतात, सळई मागे रेटते, आणि नेक या दोघांच्या भांडणात सरळ उभा राहतो.

मी काय चुकलो? माझा नट हेडस्टॉकपाशी नव्हता, तो नेकच्या बुडाला होता, जिथे नेक बॉडीत बसतो. म्हणजे दर वेळी तारा सैल करा, मागचे चार स्क्रू काढा, नेक सोडवा, नट फिरवा, सगळं परत जोडा, तारा लावा, आणि मग बघा फरक पडला का. नेटवर सगळे सांगतात की एका वेळी पाव चक्कर. मी दोनदा पाव चक्कर दिली. फरक दिसला नाही. चार दिवसांवर रेकॉर्डिंग होतं. तिसऱ्यांदा मी पूर्ण चक्कर दिली, मग अजून थोडी, मग अजून थोडी.

दुसऱ्या दिवशी नेक चादरीत गुंडाळून मी एका काकांकडे गेलो. जुन्या पुण्यातल्या एका वाड्याच्या तळमजल्यावर त्यांचं दुकान आहे. मुख्य काम पेटी दुरुस्तीचं, पण गिटारीही बघतात. मला वाटलं ते विचारतील, कसा मोडला. त्यांनी ते विचारलंच नाही.

"कुठल्या सालचा नेक आहे?"

"काका, काही कल्पना नाही. कॉपी आहे ती."

"कॉपी असू दे की. पण कुठल्या सालची कॉपी?"

हे मला त्या क्षणी उगाच खोचक वाटलं. नंतर कळलं की ट्रस रॉडच्या दुरुस्तीत हाच पहिला प्रश्न असतो. सळई आत कुठून शिरली, पुढून की मागून, हे साल सांगतं. आणि ती शिरली तिथूनच बाहेर काढता येते. चुकीच्या बाजूने लाकूड कापलंत तर नेक गेला. म्हणून इतिहास.

ही सळई नेकमध्ये घातली कोणी? त्यासाठी अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या कॅलमझू नावाच्या गावात जावं लागतं. तिथे गिब्सनचा कारखाना होता, आणि त्या काळात तो मँडोलिनसाठी जास्त प्रसिद्ध होता. त्याआधी गिटारीला आतड्याच्या तारा असायच्या, त्यांची ओढ कमी. मग पोलादी तारा आल्या, आवाज मोठा झाला आणि नेकवरचा ताणही वाढला. यावर सरळ उपाय म्हणजे नेक जाड करायचा, किंवा आत आबनुसासारख्या कठीण लाकडाची पट्टी घालायची. जाड नेक हातात पकडायला त्रासदायक, आणि आबनूस घातला तरी तो एकदा वाकला की वाकला.

गिब्सनमध्ये काम करणाऱ्या थॅडियस मॅकह्यू यांनी १९२१ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९२३ साली ते मिळालं. कल्पना अशी की आतला आधार नुसता कडक नको, तो बाहेरून कमी-जास्त करता यायला हवा. नट हेडस्टॉकपाशी ठेवला आणि त्यावर एक छोटं घंटेच्या आकाराचं झाकण. आजही गिब्सन गिटारीच्या डोक्यावर दिसतं ते. लाकूड ऋतूप्रमाणे हलणार हे मॅकह्यू यांनी गृहीत धरलं होतं, आणि मला त्यांच्या पेटंटमधली हीच गोष्ट सगळ्यात आवडते. पुण्यात एप्रिल आणि ऑगस्टमध्ये एकच वाद्य दोन वेगळ्या वाद्यांसारखं वागतं, हे इथे वाजवणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही.

या सोयीची किंमतही होती. नटासाठी हेडस्टॉकच्या मुळाशी लाकूड कोरून खड्डा करावा लागतो, आणि गिब्सनचं हेडस्टॉक तिथेच मागे कललेलं, तेही बऱ्यापैकी, १७ अंशांनी. म्हणजे जिथे जास्त ताकद हवी तिथेच लाकूड कमी. गिब्सन स्टँडवरून पडली की मान तिथेच मोडते, हा जगभरच्या दुरुस्तीवाल्यांचा रोजचा धंदा आहे.

सगळ्यांनी गिब्सनचा मार्ग धरला असंही नाही. मार्टिन कंपनीने १९३४ पासून इंग्रजी टी अक्षरासारखी पोलादी पट्टी वापरली, आवळायची सोय नसलेली. फिरवता येणारा रॉड त्यांनी आणला थेट १९८५ साली. साठ वर्षं थांबले! आणि त्यांच्या गिटारी तरीही उत्तम वाजत होत्या.

आता कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला जाऊ. आपल्या बेसची गोष्ट तिथली आहे.

लिओ फेंडर गिटार वाजवणारा माणूस नव्हता. त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, १९३८ साली काढलेलं. त्याच्या सगळ्या वाद्यांत तो दुरुस्तीवाला दिसतो. नेक सरसाने चिकटवायचा नाही, चार स्क्रूंनी आवळायचा. खराब झाला तर काढून दुसरा लावायचा, रेडिओतली व्हॉल्व्ह बदलावी तसा. १९५० साली त्याने एस्क्वायर नावाची गिटार आणली, तेव्हा नेकमध्ये ट्रस रॉड घातलाच नाही. सबंध कठीण मेपलचा नेक आहे, तो कशाला वाकतोय, असं त्याचं म्हणणं. मॅकह्यूचं पेटंट तेव्हा संपलेलं होतं. १९२३ ला मिळालेलं पेटंट १७ वर्षांनी, १९४० मध्ये, सगळ्यांना खुलं झालं होतं. म्हणजे लिओला कुणाला पैसे द्यावे लागणार नव्हते. त्याला ते फक्त गरजेचं वाटत नव्हतं.

नेक वाकले. विक्रीची बाजू सांभाळणारा डॉन रँडल मागे लागला की रॉड घालाच, नाहीतर दुकानदार माल उचलणार नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत लिओ तयार झाला. आणि इथे त्याच्यापुढे एक गंमतशीर प्रश्न उभा राहिला.

गिब्सनचा नेक दोन भागांचा असतो. खाली नेक, वर शिसवाचा किंवा आबनुसाचा फिंगरबोर्ड चिकटवलेला. रॉड घालायचा तर बोर्ड चिकटवण्याआधी पुढून खोबण काढायची, रॉड ठेवायचा, वरून बोर्ड बसवायचा. झालं काम. पण लिओचा नेक एकाच लाकडाचा. फ्रेट थेट मेपलमध्ये ठोकलेले. वरून खोबण काढणार कशी? मग त्याने नेकच्या पाठीतून खोबण काढली, रॉड मागून आत घातला आणि वरून अक्रोडाच्या लाकडाची गडद पट्टी चिकटवून खोबण बुजवली. फिकट मेपलवर गडद रेघ. अमेरिकेत तिला स्कंक प्राण्याच्या पाठीवरच्या पट्ट्याचं नाव पडलं. आज लोक ती सजावट समजतात. ती खरं तर बुजवलेली जखम आहे.

१९५१ साली याच पद्धतीचा नेक, फक्त लांब, घेऊन प्रिसिजन बेस आला. विजेवर चालणारा, आडवा धरायचा फ्रेटवाला बेस त्याआधीही झाला होता. सिएटलच्या पॉल टटमार्क यांनी तीसच्या दशकात तसा बेस केला होता, पण तो फारसा पसरला नाही. लिओचा पसरला. उभ्या, माणसाएवढ्या डबल बेसऐवजी खांद्याला अडकवून बसमधून नेता येईल असं वाद्य, आणि फ्रेट असल्यामुळे सूर नेमका लागणार, म्हणून नाव प्रिसिजन. पण गिटारपेक्षा साडेआठ इंच जास्त लांबी आणि जाड तारा. ज्या माणसाला वर्षभरापूर्वी गिटारीतही रॉड नको होता, त्याने आता असं वाद्य केलं होतं जे रॉडशिवाय उभंच राहणार नाही.

आणि नट? तो त्याने बुडाला ठेवला. हेडस्टॉकपाशी खड्डा नाही, म्हणून ती जागा मजबूत. फेंडरची मान सहसा मोडत नाही ती त्यामुळेही. पण नट फिरवायचा तर नेक सोडवायचा. दुरुस्तीवाल्याला त्याचं काय वाटणार? रोज रेडिओ उघडणाऱ्या माणसाला चार स्क्रू म्हणजे काहीच नाही. वाजवणाऱ्याला मात्र वाटतं. तो कंटाळा करतो, वर्षानुवर्षं हात लावत नाही, आणि मग एका रात्री बसून सगळी कसर एकदम भरून काढायला जातो. माझ्यासारखा. लिओच्या डिझाइनबद्दल मला आदर आहे, पण या एका बाबतीत त्याने आपल्यासारख्या आळशी माणसांचा विचार केला नाही असं माझं ठाम मत झालंय.

१९५८ साली फेंडरने मेपलवर वेगळा शिसवाचा बोर्ड चिकटवायला सुरुवात केली. मग रॉड पुढूनच घालता यायला लागला आणि पाठीवरची पट्टी त्या नेकांवरून गायब झाली. काकांचा प्रश्न आता लक्षात आला ना? पाठीवर पट्टी असलेला एकसंध मेपलचा नेक असेल आणि सळई मधोमध तुटली असेल, तर बोर्ड उचलायला बोर्डच नाही. अक्रोडाची पट्टी कोरून काढायची आणि मागून शिरायचं. शिसवाचा बोर्ड असेल तर तो गरम करून, पातळ पाती सरकवत सरकवत उचलायचा आणि पुढून शिरायचं. सरसाचा जोड उष्णतेने आणि ओलाव्याने सुटतो, ही आपल्या सुतारांना माहीत असलेली गोष्ट इथे कामाला येते. जुन्या फेंडर नेकच्या बुडावर कारागिरांनी पेन्सिलीने महिना-वर्ष लिहिलेलं असायचं. आमच्या नकलेवर काहीच नव्हतं. पण पाठीवर पट्टी, एकसंध मेपल, नट बुडाला. "पन्नासच्या दशकातल्या पद्धतीची कॉपी," काका म्हणाले.

जपान्यांनी सत्तरच्या दशकात या नकला इतक्या चोख केल्या की १९७७ साली गिब्सनच्या मालकांनी आयबनेझच्या अमेरिकेतल्या कंपनीला हेडस्टॉकच्या आकारावरून कोर्टात खेचलं. फेंडरने वेगळा रस्ता धरला, १९८२ पासून स्वतःच जपानमध्ये वाद्यं बनवून घ्यायला लागले. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे की नक्कल करताना त्यांनी आतली खोबणही नक्कल केली. त्यामुळे १९५० साली फुलर्टनमध्ये झालेला निर्णय माझ्या मांडीवर येऊन मोडला.

दुरुस्तीकडे जाण्याआधी दोन वेगळ्या विचारांच्या बेसबद्दल सांगायलाच हवं.

एक रिकनबॅकर ४००१, १९६१ सालचं मॉडेल. यात दोन रॉड, शेजारी शेजारी. आणि जुन्या रिकनबॅकरमधला प्रत्येक रॉड म्हणजे केसांच्या पिनेसारखी दुमडलेली पोलादी पट्टी. यात नटाने नेक सरळ करायचा नसतो! आधी हाताने, किंवा शिकंजा लावून, नेक हवा तितका मागे वाकवायचा आणि मग नट फक्त टेकवायचा, म्हणजे नेक त्या जागी धरून राहतो. हे ठाऊक नसलेल्या अनेकांनी नुसता पाना फिरवला आणि फिंगरबोर्डच उखडून घेतला. पण या पद्धतीचा एक मोठा गुण आहे. हे रॉड हेडस्टॉकच्या बाजूने ओढून बाहेर काढता येतात. बिघडला, काढा, दुसरा सरकवा. पट्टी कोरणं नाही, बोर्ड उचलणं नाही. रॉड कधीतरी बिघडेल हे मनात ठेवून केलेलं काम.

दुसरा नेड स्टाइनबर्गर. ब्रुकलिनमधला फर्निचर डिझायनर. त्याने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एल-टू नावाचा बेस आणला. डोकं नाही, बॉडी खोक्याएवढी, आणि सगळा बेस कार्बन फायबर आणि रेझिनचा. लाकूडच नाही, म्हणून ट्रस रॉडही नाही. प्रश्न सोडवण्याऐवजी त्याने प्रश्नच काढून टाकला. लोकांना तो आवडला, नावाजला गेला, आणि तरीही आज तुम्ही वाद्यांच्या दुकानात गेलात तर भिंतीवर लाकडी नेकच लटकलेले दिसतात.

आणि हो, बाक आलेला बेस म्हणजे निकामी बेस असंही नाही. मोटाउनच्या असंख्य गाण्यांमागे वाजणारा जेम्स जेमरसन, त्याचा १९६२ चा प्रिसिजन बेस. त्याच्या तारा इतक्या उंच होत्या आणि नेक इतका वाकलेला, की दुसऱ्या कुणाला तो वाजवणं कठीण जायचं, असं सांगतात. १९८३ मध्ये त्याच्या मृत्यूच्या थोडं आधी तो बेस चोरीला गेला. मी मामाला हे ऐकवलं, जरा त्याचं मन हलकं व्हावं म्हणून. मामा म्हणाला, "अरे, तो जेमरसन होता."

बरं. काकांच्या दुकानात परत.

त्यांनी बुडाच्या भोकात छोटा टॉर्च मारला आणि मला बघायला सांगितलं. आत सळईचं मोडकं टोक दिसत होतं. सळई नटाच्या आतच, आट्यांपाशी तुटली होती. आटे पाडले की सळई तिथे बारीक होते, म्हणून बहुतेक वेळा ती तिथेच जाते. पण ती का तुटली, हे त्यांनी दाखवलं तेव्हा मला खरोखर आश्चर्य वाटलं. नट ज्या लाकडावर टेकतो ते लाकूड वर्षानुवर्षांच्या दाबाने खोल दबलेलं होतं. नट आत आत सरकत गेला आणि आटे संपले. त्यापुढे तो आवळला जात नव्हताच. मी नुसती सळई पिळत होतो, ओलं फडकं पिळावं तशी.

"हे आधी दाखवायला आणलं असतंत," काका म्हणाले, "तर नटाखाली दोन वॉशर घालून भागलं असतं. दहा मिनिटांचं काम."

मी काही बोललो नाही.

मग त्यांनी मामाला फोन लावायला सांगितला. कारण निर्णय मामाचा होता. पर्याय असे: नवा तयार नेक आणून स्क्रूने लावायचा. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचा, आणि लिओ फेंडरच्या मनातलं उत्तरही हेच असणार. किंवा पाठीवरची पट्टी कोरून पूर्ण नवा रॉड घालायचा. आजकालचे रॉड दोन्ही दिशांना काम करतात, नेक पुढेही ढकलतात आणि मागेही, आणि त्यांना सरळ खोबण लागते. म्हणजे जुनी वळणदार खोबण बुजवा, नवी काढा. मोठं काम, आणि अंगठ्याने झिजलेली ती जागा त्यात जाणार. तिसरा पर्याय म्हणजे मोडक्या टोकाभोवतीचं लाकूड आणखी खोल काढायचं, आतली धडधाकट सळई उघडी करायची आणि तिच्यावर नवे आटे पाडायचे. यात सळई तीच राहते, नेकला बाहेरून ओरखडासुद्धा येत नाही. पण आटे पाडताना सळई आत गरगर फिरली, किंवा पलीकडच्या टोकाची पकड सुटली, तर दुसरा पर्यायही अवघड होऊन बसतो.

मामाने विचारलं, "तुमचं काय मत?"

काका म्हणाले, "बुडाला लाकूड भरपूर आहे. गिब्सन असती तर मी नको म्हणालो असतो."

नट हेडस्टॉकपाशी असता तर त्या आधीच नाजूक जागेत अजून लाकूड काढावं लागलं असतं. इथे नट बुडाला. ज्या जागेमुळे मी ही सगळी आफत ओढवून घेतली, तिच्यामुळेच दुरुस्ती शक्य होती. मामा म्हणाला, "करा."

या कामासाठी पोकळ ड्रिलसारखं एक हत्यार असतं. पोकळी सळईवर बरोबर बसते, त्यामुळे पातं सळईला धक्का न लावता फक्त भोवतीचं लाकूड गोल कापत आत जातं. अमेरिकेत ओहायोतली स्टुअर्ट-मॅकडॉनल्ड कंपनी असा संच विकते. काकांनी आपलं हत्यार पोलादी नळीला कानशीने दात पाडून घरीच केलं होतं. ते यंत्राला नाही, हाताने फिरवत होते. दोन फेरे, बाहेर काढा, भुसा झाडा, पुन्हा दोन फेरे. साधारण सव्वा सेंटिमीटर आत जायला पाऊण तास लागला. मेपलच्या ताज्या भुशाला गोडसर वास येतो. चाळीस-पंचेचाळीस वर्षं बंद असलेल्या लाकडाचा.

मग आटे पाडायची डाय. सळई ५ मिलिमीटरची निघाली. जपानी नक्कल बाहेरून अमेरिकन होती, पण आतली मापं मेट्रिक. अमेरिकन इंची डाय लावली असती तर सगळं गेलं असतं. तेलाचा थेंब, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मी श्वास रोखून होतो की सळई फिरते की काय. नाही फिरली. फुलर्टनच्या पद्धतीने कुणीतरी जपानमध्ये बसवलेलं पलीकडचं टोक घट्ट होतं.

दबलेल्या लाकडावर आधी एक जाड वॉशर, त्यावर अजून एक, मग नवा नट. आणि नट आवळण्याआधी काकांनी नेक फळीवर ठेवला, दोन टोकांना ठोकळे, मधे शिकंजा, आणि हळूहळू मागे वाकवला. तसाच रात्रभर ठेवला. सकाळी शिकंजा न काढता नट बोटाने टेकवला, मग पान्याने पाव फेरा. रिकनबॅकरवाल्यांची रीत, पण कुठल्याही जुन्या नेकला चालते.

"लाकूड आपण वाकवायचं," ते म्हणाले, "नटाने फक्त धरून ठेवायचं. तुम्ही नटाला हमाली करायला लावलीत."

तारा चढवल्या, सुरात लावल्या, एक दिवस तसंच ठेवलं आणि मग मोजलं. सातव्या फ्रेटपाशी ०.३५. मला अजून थोडं कमी हवं होतं. काकांनी माझ्याकडे फक्त बघितलं.

रेकॉर्डिंग अर्थातच हुकलं, दुसऱ्या एकाने ते वाजवलं, चांगलं वाजवलं. मामा पुढच्या रविवारी आला. त्याने बेस घेतला, अंगठा त्या झिजलेल्या जागेवर ठेवला, दहा मिनिटं काहीतरी जुनं वाजवत बसला आणि म्हणाला की ई तार आता जास्तच खाली वाटते, त्याला थोडी उंच सवय होती. मी म्हटलं, मामा, पाव चक्कर सैल करतो. त्याने बेस माझ्यापासून लांब धरला.

तुमच्यापैकी कुणी बेस किंवा गिटार वाजवत असाल तर एक काम करा: तुमचा नट कुठे आहे ते बघा, पाठीवर पट्टी आहे का बघा आणि मला फोटो पाठवा. कधीतरी सगळे एकत्र करून बघू. नट फिरवू नका फक्त.

आणि हे सांगायचं राहिलं. नेक बॉडीत बसवण्याआधी काकांनी कानामागची पेन्सिल काढली आणि बुडावर, जिथे स्क्रू आवळले की कुणालाच दिसणार नाही, तिथे बारीक अक्षरात लिहिलं: ५ मिमी, वॉशर २, नवे आटे, मे. मग माझ्याकडे बघून विचारलं, "साल काय चालू आहे?" आणि तेही लिहिलं.